एका विकलेचा हिशेब

ज्वारीचा एक टपोरा दाणा घ्या. असेल चारेक मिलिमीटरचा. तो बांधावर ठेवा आणि आठशे मीटर चालत जाऊन मागे वळून पाहा. दाणा दिसणार नाही, पण तिथून तो डोळ्याशी जेवढा कोन करतो तेवढी एक विकला. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. पंचांग वाचणाऱ्या घरात हे शब्द जुनेच आहेत. लांब फोकल लेंथच्या दुर्बिणीमागे आकाशाच्या फोटोंसाठी कॅमेरा लावला की सगळा व्यवहार याच मापात करावा लागतो. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या यंत्राला, ४५०० विकला त्याच्यामागे जायचं असतं, आणि एवढ्या वाटेत त्याचा पाय दाण्याभरापेक्षा जास्त चुकता कामा नये.

फार थोडे माउंट हे आपल्या बळावर करतात. म्हणून एक दुसरा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो, दर दोन-तीन सेकंदांनी तारा किती हलला ते मोजतो आणि माउंटला तेवढा धक्का देतो. हे ऑटोगाइडिंग. पूर्वी हेच काम माणूस आयपीसमधल्या तारांच्या फुलीवर तारा धरून रात्रभर हाताने करायचा. १९८९ मध्ये एसटी-४ हे यंत्र बाजारात आलं आणि माणसाचा डोळा त्या कामातून मोकळा झाला. आजही माउंटवरच्या गाइडिंगच्या खाचेला त्याच यंत्राचं नाव आहे.

आता पीएचडी-२ सारखं मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर लाल-निळा आलेख काढतं, खाली एक आकडा देतं (तारा सरासरी किती विकला हलला त्याचा), आणि सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरू लागते. तुझा ०.६ येतो, माझा ०.८ का? माझ्या मते हा प्रश्न फार उशिराचा आहे. त्याआधी वरच्या हवेला आणि खालच्या जमिनीला विचारायला हवं. मराठवाड्यात तर या दोघींची उत्तरं फार स्पष्ट असतात.

आधी पिक्सेलचा हिशेब. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरांनी भागा. एका पिक्सेलवर किती विकला पडतात ते मिळतं. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन, एफ/१०, म्हणजे फोकल लेंथ २०३२ मिमी. हल्लीच्या थंड केलेल्या कॅमेऱ्यांत ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल सर्रास असतो, आणि २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआरही ३.७ ते ३.९ च्याच घरात येतो. उत्तर येतं पिक्सेलला ०.३८ विकला. ०.६३ चा रिड्यूसर, म्हणजे फोकल लेंथ कमी करणारं भिंग, लावला की फोकल लेंथ १२८० मिमी होते आणि स्केल ०.६१. रिड्यूसर न लावता दोन बाय दोन बिनिंग केलं, म्हणजे शेजारचे चार पिक्सेल मिळून एक धरला, तर ०.७६.

यातलं कोणतं घ्यावं हे दुर्बीण सांगत नाही, हवा सांगते. तारा हा बिंदू आहे, पण वातावरणातून येताना तो पसरतो. त्याचा उजेड मध्यापेक्षा निम्मा होतो तिथली रुंदी म्हणजे एफडब्ल्यूएचएम. ही रुंदी तीन विकला असेल तर एका ताऱ्यावर दोन ते तीन पिक्सेल पडले की पुरे, म्हणजे पिक्सेलला १ ते १.५ विकला. ०.३८ वर तोच तारा आठ पिक्सेल रुंद होतो. तपशील तेवढाच राहतो, फक्त मोठा दिसतो. वर प्रत्येक पिक्सेलला आकाशाचा उजेड कमी मिळतो, म्हणून कॅमेऱ्याच्या रीड नॉइजमधून (पिक्सेल वाचताना मिसळणाऱ्या गोंधळातून) वर येण्यासाठी एक्स्पोजर लांबवावा लागतो. एक्स्पोजर लांबला की गाइडिंगवरचं ओझं वाढतं. एफ/१० वरून एफ/६.३ वर आलं की प्रत्येक पिक्सेलवर अडीच पट उजेड पडतो. पाच मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं, आणि दोन मिनिटांत माउंटला चुकायला वाव कमी असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सीमॉस कॅमेऱ्यातलं बिनिंग बहुतेक वेळा आकड्यांची नुसती बेरीज असते. चार पिक्सेल एकत्र केले की उजेड चौपट होतो आणि रीड नॉइज दुप्पट. फायदा आहे, पण जुन्या सीसीडीत चार पिक्सेलना मिळून एकदाच रीड नॉइज लागायचा, तेवढा नाही. म्हणून बिनिंग शूटिंगच्या वेळी केलं काय आणि नंतर संगणकावर केलं काय, फार फरक पडत नाही. रिड्यूसरचा फरक मात्र खरा असतो.

मग आपल्या हवेची रुंदी किती? पुस्तकातला आकडा घेऊ नये, मोजावा. खस्वस्तिकाजवळचा, म्हणजे डोक्यावरचा तारकासमूह धरा, फोकस नीट करा, गाइडिंग चालू ठेवून दहा सेकंदांचे दहा फोटो काढा आणि सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्यांची रुंदी पाहा. पिक्सेलमधल्या आकड्याला आपल्या स्केलने गुणलं की विकला मिळतात. लगेच त्याच जागेचे पाच मिनिटांचे तीन-चार फोटो घ्या आणि तेही मोजा. समजा छोट्या फोटोत रुंदी २.६ आली आणि मोठ्यात ३.२. दोन्हींचा वर्ग करून वजाबाकी करा आणि वर्गमूळ काढा: १.८७. याला २.३५५ ने भागा: ०.७९. दहा सेकंदांच्या पुढे तुमच्या सगळ्या सरंजामाने मिळून प्रत्येक अक्षात सरासरी एवढी हालचाल केली. आता आलेखाकडे बघा. तिथे प्रत्येक अक्षाला ०.५ दिसत असेल, तर उरलेलं साधारण ०.६ कुठून तरी असं येतंय की जे गाइडरला दिसतच नाही. या एका मोजणीतून जे कळतं ते रात्रभर आलेख न्याहाळून कळत नाही.

हाच हिशेब उलटाही करून बघावा. हवा अडीच विकलांची आहे आणि गाइडिंग प्रत्येक अक्षाला ०.५, तर शेवटचा तारा २.७६ विकलांचा. खटपट करून गाइडिंग ०.३ वर आणलं तर २.६०. एवढ्या खटपटीनंतरची कमाई पाव विकलासुद्धा नाही. पण गाइडिंग १.० वर गेलं तर तारा ३.४३ होतो, तिथे नुकसान डोळ्याला दिसतं. आणि आरए (पूर्व-पश्चिम अक्ष) ०.८, डेक (उत्तर-दक्षिण अक्ष) ०.४ अशी विषमता असेल तर तारा एका बाजूने ३.१ आणि दुसऱ्या बाजूने २.७ होतो, म्हणजे लांबट. एकूण आकडा थोडा मोठा असला तरी चालेल, पण दोन्ही अक्ष सारखे हवेत. पीएचडी-२ मध्ये ‘टोटल’ म्हणून दिसणारा आकडा दोन्ही अक्षांचा मिळून असतो. प्रत्येकी ०.५ असेल तर तिथे ०.७१ दिसतो. आकड्यांची तुलना करताना निम्मे गैरसमज इथेच होतात.

आता जमीन. एक मीटर लांबीच्या टोकाला एक विकला म्हणजे जेमतेम पाच मायक्रॉन. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. ट्रायपॉडचे पाय एकमेकांपासून मीटरभर दूर असतील आणि त्यातला एक केसाच्या जाडीइतका खचला, तर दुर्बीण चौदा विकलांनी कलंडते. मराठवाड्यातली काळी माती तर स्वभावानेच हलती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोनं आहे, खांबाला नाही. शेतात कायमचा खांब उभा करायचा असेल तर काळी माती संपून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायला हवं. काही शिवारांत मुरूम दोन फुटांवर लागतो, नदीकाठी दहा फुटांवरही लागत नाही. तिथे जागाच बदलावी.

आठ-दहा इंची दुर्बिणीसाठी अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा पुरतो. एकास दोन, चार या प्रमाणात त्याला सिमेंटची साधारण चार पोती लागतात आणि वजन सव्वा टनाच्या वर जातं. त्यातून वर येणारा खांब आठ इंची, सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपचा. पाइपमध्ये कोरडी वाळू भरली की त्याचं झणझणणं लवकर मरतं. खांबाभोवती फरशी किंवा कोबा करायचा असेल तर मधे इंचभर फट ठेवा आणि ती थर्मोकोलने भरा. फट नसेल तर शेजारी टाकलेलं प्रत्येक पाऊल आलेखात उमटतं. ठोकळ्याला तीन आठवडे पाणी मारा आणि एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. त्यानंतरच पोलर अलाइनमेंटला, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायला, बसा.

एवढं करूनही दर दिवाळीला अलाइनमेंट पुन्हा तपासावं लागतं. मीटरभर उंचीचा खांब वरच्या टोकाला एक मिलिमीटर कलला तर २०६ विकला, म्हणजे जवळजवळ साडेतीन कला झाल्या. ध्रुवापासूनची एक कलेची चूक ताऱ्याला मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेहून किंचित अधिक सरकवते, तेव्हा साडेतीन कलांना मिनिटाला ०.९ विकला. गाइडर हे सहज सांभाळतो, पण डेकच्या मोटरला रात्रभर एकाच बाजूला ढकलत राहावं लागतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या यंत्रातही आधी जमिनीची थरथर आरशापर्यंत पोहोचू न देण्याची व्यवस्था असते, उरलेली दुरुस्ती इलेक्ट्रॉनिक्स करतं. मापाचं अंतर अफाट आहे, पण क्रम तोच: जी हालचाल थांबवता येते ती आधी थांबवायची.

खांब नसेल तर माळरान शोधा. मुरमाड जमिनीवर ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा ठेवा, तो तुडवून बसवा आणि पाय शक्य तेवढे आखूड ठेवा. नांगरलेल्या रानात किंवा नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्याशेजारी बसू नका. घराच्या गच्चीवरच भागवायचं असेल तर स्लॅबचा मध्य टाळून कॉलमच्या डोक्यावर किंवा भिंतींच्या कोपऱ्यात उभं करा. जुन्या वाड्याच्या माळवदावर मात्र लांब फोकल लेंथ नकोच. लाकडी सऱ्यांवरची माती पावलागणिक दबते, अंगणच बरं.

गच्चीची आणखी एक अडचण तापमानाची. मार्चपासून स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते परत देत राहतो. त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी वर चढते आणि तारा पसरतो. पत्र्याचं छप्पर लवकर गार होतं, काळा कातळ उशिरा. म्हणून संध्याकाळी मोजलेली हवा आणि रात्री दोनला मोजलेली हवा एकाच जागेची असूनही वेगळी निघते. दुर्बिणीची नळीही घरातून काढल्यावर तास-दीड तास गार होऊ द्यावी, नाहीतर आतल्या हवेचे झोत गाइडिंगच्या दोषासारखे दिसतात.

आता गाइड कॅमेरा कुठे लावायचा. पन्नास मिमीची छोटी गाइडस्कोप, फोकल लेंथ २०० मिमी, ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल: स्केल ३.९. सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत काढू शकतं, म्हणजे कागदावर ०.४ विकला दिसायला हव्यात. ५०० मिमीच्या दुर्बिणीला ही जोडी उत्तम चालते. २००० मिमीला नाही, आणि याचं खरं कारण पिक्सेल नसून लवचीकता आहे. गाइडस्कोपचे स्क्रू, तिची चिमटी, खाली लोंबणारी केबल, यांतलं काहीतरी रात्रभर कणाकणाने वाकतं. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये तर मुख्य आरसाच मधल्या नळीवर सरकून फोकस होतो, आणि दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे झुकताना तो आरसा किंचित कलतो. गाइडस्कोपला यातलं काहीच कळत नाही. तिचा तारा जागेवर, आलेख सपाट, आणि फोटोतले तारे सगळे एकाच दिशेने लांबट. अशा वेळी आलेखाच्या सेटिंग बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे तपासणं सोपं आहे. डिदरिंग (दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद ठेवून तासभर फोटो घ्या आणि पहिला व शेवटचा एकमेकांवर ठेवून बघा. ०.६१ च्या स्केलवर तारा बारा पिक्सेल सरकला असेल तर तासाला सव्वासात विकला, म्हणजे पाच मिनिटांच्या एका फोटोत ०.६. मघाच्या मोजणीत न सापडलेल्या हिश्श्यातला काही भाग इथे सापडतो.

उपाय म्हणजे ऑफ-ॲक्सिस गाइडर. मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून कडेला एक छोटा प्रिझम थोडा उजेड वळवून गाइड कॅमेऱ्याला देतो. आरसा हलला तर गाइडरला तो हललेला दिसतो. हजार मिमीच्या पुढे मी तरी दुसरा विचार करणार नाही. पण तो बसवायला धीर लागतो. प्रिझम मुख्य सेन्सरच्या लांब बाजूला आणा आणि इतकाच आत सरकवा की फ्लॅट फ्रेममध्ये (एकसारख्या उजेडाच्या फोटोत) त्याची सावली पडणार नाही. प्रिझमपासून दोन्ही सेन्सरचं अंतर अगदी सारखं हवं. हे काम दिवसा करून ठेवा: लांबच्या मोबाइल टॉवरवर मुख्य कॅमेरा फोकस करा, मग त्याला हात न लावता गाइड कॅमेरा आत-बाहेर सरकवून टॉवरची कड धारदार करा आणि स्क्रू पक्के आवळा. टॉवर दोन किलोमीटरवर असो की पाचवर, फरक पडत नाही. दोन्ही सेन्सर एकाच वेळी फोकसमध्ये येणं महत्त्वाचं. ०.६३ चा रिड्यूसर असेल तर त्याच्यापासून मुख्य सेन्सरपर्यंत १०५ मिमी हवेत. गाइडर, फिल्टर व्हील आणि कॅमेऱ्याच्या आतलं अंतर हे सगळं त्यातच बसवायचं असतं. स्केल-पट्टीने मोजा, अंदाजावर सोडू नका.

प्रिझमच्या कडेचे तारे पक्षी पंख पसरून बसावेत तसे दिसतात. त्याने बिघडत नाही, मध्य नीट निघतो. खरी अडचण ताऱ्यांच्या संख्येची. सिंह, कन्या, अरुंधती केश या भागांत दीर्घिकांची गर्दी आहे, पण आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुवही तिथेच असल्यामुळे जवळचे तारे विरळ. अशा ठिकाणी ११ बाय ७ मिमीचा, ५.८६ मायक्रॉनचा मोठा मोनो सेन्सर उपयोगी पडतो. १२८० मिमीवर त्याचं स्केल ०.९४ येतं, २०३२ वर ०.६. छोट्या २.९ मायक्रॉनच्या सेन्सरला २०३२ मिमीवर दोन बाय दोन बिन करून तेवढंच स्केल मिळतं, क्षेत्र मात्र लहान राहतं. गाइड एक्स्पोजर तीन-चार सेकंदांपर्यंत वाढवला तर अंधूक तारेही धरता येतात.

एक्स्पोजरची खालची मर्यादा हवा ठरवते. एका सेकंदाहून कमी दिला तर तारा जागच्या जागी जो थरथरतो तो माउंटचा दोष समजून गाइडर त्याच्यामागे पळतो, आणि नसलेली चूक तयार होते. दोन ते चार सेकंदांत ही थरथर बरीचशी सरासरीत विरते. वरची मर्यादा माउंट ठरवतो. १८० दात्यांच्या वर्म गिअरचा माउंट ४७९ सेकंदांत, म्हणजे आठ मिनिटांत एक फेरा घेतो. त्याची चूक संथ लाटेसारखी येते, म्हणून तीन सेकंद परवडतात. लवचीक दात्यांच्या गिअरचे स्ट्रेन-वेव्ह माउंट हलके, तोल साधणाऱ्या वजनाशिवाय चालणारे, गावोगावी न्यायला सोयीचे. पण त्यांची लाट मोठी आणि चढ तीव्र असतो. त्यांना अर्ध्या ते एका सेकंदाचं गाइडिंग लागतं, आणि हवेची थरथर मारायला एकाच वेळी अनेक तारे लागतात. ऑफ-ॲक्सिस गाइडरमध्ये नेमके तारेच कमी. म्हणून २००० मिमीला वर्मचा जड माउंट मला अजूनही जास्त भरवशाचा वाटतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे किती धक्क्याला तारा कुठे आणि किती सरकतो हे गाइडरला शिकवणं, याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ करावं. मृगाच्या पट्ट्याचे तीन तारे डोक्याच्या जरा दक्षिणेला आले की जागा सहज सापडते. गाइड वेग ०.५ पट ठेवला तर माउंट सेकंदाला साडेसात विकला सरकतो. ०.६ च्या गाइड स्केलवर २५ पिक्सेल म्हणजे १५ विकला; त्या बारा पावलांत जायच्या तर एक पाऊल सुमारे १७० मिलिसेकंदांचं. गाइडस्कोपच्या ३.९ स्केलला हेच पाऊल हजाराच्या वर जातं. गाइडस्कोप काढून ऑफ-ॲक्सिस गाइडर लावला आणि जुना आकडा तसाच राहिला, तर दोन-तीन पावलांत कॅलिब्रेशन उरकतं आणि कोन चुकीचा निघतो. डिदरिंगचंही तसंच. ३.९ विरुद्ध ०.६१ असताना गाइडचा एक पिक्सेल फोटोतले सहा-साडेसहा पिक्सेल हलवतो. दोन्ही स्केल सारखी झाली की तो आकडा चार-पाचवर न्यावा लागतो, नाहीतर फोटोत तिरप्या रेघांची नक्षी राहते.

मग पीएचडी-२ मधलं गाइडिंग असिस्टंट हे साधन दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे वर्मचा एक पूर्ण फेरा त्यात येईल. बॅकलॅशही (दिशा बदलताना गिअरमध्ये वाया जाणारी हालचाल) मोजून घ्या. डेक उलट फिरताना दोन-तीन सेकंद काहीच हालचाल होत नसेल, तर दोन्ही दिशांनी गाइड करू नका. अलाइनमेंट जाणूनबुजून दोन-तीन कलांनी चुकीचं ठेवा, तारा कोणत्या बाजूला वाहतो ते पाहा आणि फक्त त्याच्या विरुद्ध दिशेने दुरुस्ती चालू ठेवा. आरएमध्ये वर्म असेल तर पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, दाते एकमेकांना टेकून राहतात. आलेख एक फोटो वर, एक फोटो खाली असा करवतीसारखा दिसत असेल तर दुरुस्तीचं प्रमाण जास्त आहे. ७० टक्क्यांवरून ५५ वर आणा. आठ मिनिटांनी तीच लाट परत येत असेल तर तो वर्म. दोन्ही अक्ष एकदम उडाले तर वारा, केबल किंवा पाऊल. फक्त आरए मधेच उडून परत येत असेल तर गिअरमध्ये कण अडकलाय. मळणीच्या दिवसांत आपल्याकडे धूळ मैलभर जाते, तेव्हा माउंटवर रोज कापड टाकणं हासुद्धा गाइडिंगचाच भाग आहे.

ध्रुवाचा प्रश्न मराठवाड्यात वेगळा आहे. धाराशिवपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत ध्रुव क्षितिजावर १८ ते २० अंश. एवढ्या खाली धूळ असते, उसाच्या पाचटाचा धूर असतो, हंगामात साखर कारखान्याचे दिवे असतात, आणि बऱ्याचदा लिंबाचं झाडच मधे येतं. शिवाय वातावरण त्या उंचीवर प्रकाश वाकवून ध्रुवाला सुमारे पावणेतीन कला वर दाखवतं. माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीने, म्हणजे पोलर स्कोपने, मन लावून अलाइनमेंट केलं तरी अक्ष खऱ्या ध्रुवाच्या तेवढा वर जाऊन बसतो. म्हणून आकाशाच्या दुसऱ्या भागाचे तीन फोटो घेऊन, त्यांतले तारे संगणकाने ओळखून अक्ष शोधणारी पद्धत इथे सरस आहे, तिला ध्रुवतारा दिसण्याचीही गरज नाही. माउंटचा अक्ष इतका आडवा असला की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटू शकतो. आठ इंचांचा जोडखांब त्यासाठी हवा. उंचीचा बोल्ट फिरवताना दुर्बिणीचा भार हाताने उचलून धरा, नाहीतर तो वाकतो.

विजेबद्दल थोडक्यात. माउंट, थंड कॅमेरा, दहिवर न साठू देणारी हीटरपट्टी आणि छोटा संगणक मिळून सहा-सात अँपिअर घेतात, आठ तासांत पन्नासेक अँपिअर-तास. बहुतेक घरांत लाइट जाते म्हणून इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असतेच, तिच्यावर रात्र निघते. वायर मात्र जाड घ्या. एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर सहा अँपिअरला एक व्होल्ट खाते, आणि ११ व्होल्टला माउंट मधेच अडखळतो. अडीच चौरस मिलिमीटरमध्ये ०.४ व्होल्टच जातो. हीटरपट्टी काच हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहील एवढीच ठेवा. शेजारच्या रानात या आठवड्यात पाण्याची पाळी रात्रीची आहे का, हेही आधी विचारून घ्यावं. टॉर्च घेऊन बांधावर फिरणाऱ्या माणसाला त्याचं काम आहे.

आणि हंगाम. हुरड्याच्या दिवसांत हवा थंड, रात्र लांब, दहिवर भरपूर. कर्क तेजोमेघ (क्रॅब नेब्युला) तेव्हा डोक्यावरून जातो. पण दीर्घिकांची खरी रांग फाल्गुन-चैत्रात लागते, नेमकी जमीन तापायला लागते तेव्हा. म्हणून संध्याकाळी घाई न करता दहा-साडेदहाला सुरुवात करावी. कन्येतली एम ८७ ही दीर्घिका क्षितिजापासून ८३ अंशांपर्यंत चढते, श्यामशबलमधली एम ५१ ही बासष्टपर्यंत. तिची अकरा कलांची लांबी ०.६१ वर जवळजवळ ११०० पिक्सेल भरते. या दोघींना हवेचा पातळ थर मिळतो.

चैत्रात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला नरतुरंगातली एनजीसी ५१२८ ही दीर्घिका याम्योत्तरावर येते. युरोपातल्या बहुतेकांना ती क्षितिजावर नीट येतही नाही; बीड-परभणीहून ती २८ अंशांवर असते. तिथे वातावरणाचा थर डोक्यावरच्या दुपटीहून जाड, म्हणून अडीच विकलांची हवा जवळजवळ चार विकलांची होते. तिच्यासाठी रिड्यूसर आणि वर बिनिंग, पिक्सेलला १.२ विकला. दोन-दोन मिनिटांचे फोटो, गाइड एक्स्पोजर चार सेकंद, दुरुस्ती मंद. याम्योत्तराच्या अलीकडे-पलीकडे सव्वा-सव्वा तास मिळतो. दक्षिणेला गावाचे दिवे नसतील असा बांध निवडा आणि खांबाच्या दक्षिणेची बोरी-बाभळी दिवसाच पाहून ठेवा.